कोऱ्या ओळींमधले शब्द

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगू द्या... उद्यावर टाकलं तर मी पुन्हा गप्प बसीन. आज दुपारी आमच्या वस्तीच्या गाण्यांचं पुस्तक छापून आलं अन् तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे. मी बोलते तसंच टाइप करून राहिली, शुद्ध-अशुद्ध पाहू नका.

आधीच सांगते — मी असलं काही मानत नाही. आमच्या बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची सारं घरातून बंद. कोणी भुताची गोष्ट काढली की बाबा म्हणत, "पत्ता सांग गा त्याचा, भेटून येतो!"

म्हणत... म्हणजे बोलता येत होतं तेव्हा. बाबा वाडीच्या गोदामांत हमाली करत अन् रात्री वस्तीत स्वतःची गाणी गात. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांच्या मागं कोरसमध्ये उभा राहणारा नत्थूकाका — आमच्याच घरी जेवून मोठा झालेला माणूस — त्यानं बाबांचं 'पोरी शाळंत जाय' हे गाणं स्वतःच्या नावानं कॅसेटमध्ये भरलं. आमच्याकडं गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येते. कॅसेटवर शेवटी ऐकू येते — 'नत्थू म्हणे'. आमच्या इंदोऱ्यात प्रत्येक पानठेल्यावर वाजून राहिलं होतं. बाबा खाटेवर पडून ऐकत, भिंतीकडं तोंड करून.

त्यातच वस्तीच्या मंडळानं ठरवलं की वस्तीतली सारी गाणी पुस्तकात छापायची. वाद नको म्हणून नियम एकच, ज्याचं नाव शेवटच्या कडव्यात, त्याचं गाणं. आता आली पंचाईत! मायले पहिली तीन कडवी पाठ, पण शेवटचं नाही. बाबा ते फक्त स्टेजवर गात, अन् माय तेव्हा घरी आम्हा पोरांजवळ. लिहून कुठं ठेवलेलं नाही, अन् वस्तीच्या कानात आता कॅसेटवालंच बसलेलं.

मी सीताबर्डीच्या कॉम्प्युटर क्लासात शिकते. मंडळाले म्हटलं, सारी गाणी मी कॉम्प्युटरमध्ये टाकून देते, कोणताही शब्द दिला की ते गाणं सापडेल. सरांनी ते माझं प्रोजेक्ट म्हणून मान्य केलं. गाणी इंग्रजी अक्षरांत टाइप केली. बाबांच्या गाण्यात शेवटच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या. जागा तरी राहू दे, म्हटलं.

मशीनले शब्द म्हणजे काय ते समजत नाही हो. कुठं तोडायचं ते एका पॅटर्नमध्ये लिहून द्यावं लागते, सर त्याले रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मी आधी फक्त मोकळ्या जागेवर तोडलं, तर 'पोरी' वेगळा अन् स्वल्पविराम चिकटलेला 'पोरी' वेगळा! मग पॅटर्न बदलला... अक्षर नसलेलं जे काही येईल — डॅश, टिंब, स्वल्पविराम — तिथं तोड. कोरसचं 'जी जी' फेकून दे. भर दुपारी, कूलरच्या घरघरीत, प्रोग्राम चालवला अन् प्रिंटर सुरू झाला. आधी शब्द, पुढं गाणं अन् ओळ.

बाबांच्या गाण्यापुढं त्या कोऱ्या ओळींचे नंबर छापून आले. समोर शब्द होते. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं —

दाखवली. गोण्या. मान. म्हणे. नाही. पाठीवर. पोरी. सुखदेव. तुले. वाट. वाहिल्या. वाकवली.

सुखदेव माझ्या बाबांचं नाव.

मी ओरडलीच! सर धावत आले, फाईल उघडली. ओळी कोऱ्या. "फ्लॉपीवर जुनं काही असेल," म्हणाले. फ्लॉपी नवीन होती, पाकीट मीच फाडलं होतं. तोच पॅटर्न, तीच फाईल, पुन्हा चालवली... काहीच नाही. एक शब्द नाही.

तो कागद घेऊन घरी पळाली. माय भाकरी थापून राहिली होती. मी एकेक शब्द वाचला. तिचे हात थांबले.

"थांब वं," म्हणे, अन् गाऊच लागली —

गोण्या वाहिल्या पाठीवर, मान नाही वाकवली,
सुखदेव म्हणे पोरी, तुले वाट दाखवली.

खाटेवरून थाप ऐकू आली. बाबा डाव्या हातानं ताल देऊन राहिले होते. डोळ्यांतून धारा. माय म्हणे, "मले हे येतच नव्हतं वं... कसं आलं?"

मंडळाच्या बैठकीत मी कागद ठेवला. नत्थूकाका हसला. "कॉम्प्युटरमधून तर काहीही निघते गा! पोरगी टायपिंग शिकली, बापाचं नाव टाइप केलं. त्यात काय?" सारे हसले. मायनं कडवं गाऊन दाखवलं.

"वहिनी, घरच्या माणसाची साक्ष कशी चालंन?" नत्थूकाका म्हणे.

"आमच्या घरी जेवत होता तेव्हा घरचा कोण होता रे?" माय म्हणाली.  मंडळानं मात्र कॅसेटवर जे नाव ऐकलं तेच लिहून घेतलं.

मी सरांना म्हटलं, तुम्ही होते ना तिथं, एवढं लिहून द्या. सर म्हणाले, "मशीन असं करतच नाही. मी कशावर सही करू?"

हातानं लिहिलेला असता तर कोणी तरी मानला असता तो कागद. मशीननं दिला, म्हणून मीच खोटी!

आज पुस्तक आलं. गाण्याखाली नत्थूकाकाचं नाव. शोधायची सूची मीच बनवलेली, तीच मागं छापली आहे, माझे आभार मानून. त्यात 'सुखदेव' हा शब्दच नाही. बाबांनी गाण्याचं पान उघडायले लावलं, डावा हात त्या शेवटच्या ओळीवर ठेवला अन् संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

मी अजूनही क्लासात मशीन मोकळं दिसलं की तोच पॅटर्न चालवते. कोऱ्या ओळी कोऱ्याच येतात. मी ते टाइप केलं नव्हतं, मायले येत नव्हतं, बाबांले बोलता येत नाही... मग कुठून आले ते शब्द? मले अजून समजलं नाही.

तुमच्यापैकी कोणासंग झालं काय असं? खरं एकदाच हाती आलं, अन् ज्यांले दाखवायचं होतं ते सारे हसले?