वनराजाची जागा

यसवतीचे वडील गावचे वैद्य. ती बारा वर्षांची असताना एका सकाळी ते तिला गावाला लागून असलेल्या सिंहराजा नावाच्या रानात घेऊन गेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे भर दुपारीही ऊन पोचत नाही, तिथे पाचोळ्यात दहाबारा रोपं होती, वीतभर उंचीचीसुद्धा नव्हती. पानं काळपट तांबूस, मखमलीसारखी, आणि त्यांवर सोनेरी शिरांचं जाळं. तशी ती आमरीच, म्हणजे ऑर्किड, पण झाडावर न चढता मातीतच राहणारी. आमच्याकडे तिला वनराजा म्हणतात.

"नीट बघून घे," वडील म्हणाले. "आणि कुणाला सांगू नकोस. उद्या नवरा आला तरी त्यालाही नाही."

पुढे वडील गेले. यसवतीचं लग्न गावातच झालं. वर्षातून एकदा, पांढरी फुलं यायच्या सुमारास, ती एकटी जाऊन बघून येई. नवऱ्याला, सिरिनेरिसला, ती जळण आणायला जाते असं सांगे. तो भेर्ली माडाची नीरा काढून गूळ करणारा, कमी बोलणारा माणूस. तिच्या पायांकडे बघून म्हणायचा, "जळण थोडं आणि जळवाच जास्त आणतेस."

अशी चाळीस वर्षं गेली. गावातल्या बायका खालच्या विहिरीवरून पाणी वाहत. ओढ्याचं पाणी नळाने खाली आणावं म्हणून यसवतीनेच पंचायतीचा पिच्छा पुरवला होता. शेवटी पाइप आले. चर गावाने खणायचा असं ठरलं. तिसऱ्या दिवशी ती खणणाऱ्यांसाठी चहा आणि उकडलेला नीरफणस घेऊन वर गेली, तर खणणाऱ्यांच्या मुकादमाने, जिनदासने, चर आखायला ठोकलेल्या खुंट्या थेट वनराजाच्या अंगावरून गेलेल्या. ती सगळ्यांना चहा देऊन परत आली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. सिरिनेरिसने चुलीत एक लाकूड सारलं.

"म्हणजे चाळीस वर्षं ते जळण नव्हतंच."

"थोडं होतं."

"जिनदासला सांगावं लागेल," तो म्हणाला. "मी येतो बरोबर."

जिनदासने कुदळ खाली ठेवून रोपं पाहिली. "अक्का, नळासाठी आमच्या डोक्यावर बसलीस तूच. आता चर वळवायला सांगतेस? तिकडे सगळा खडक आहे."

"ठाऊक आहे."

"आठ दिवस जास्त लागतील."

"मी रोज खणायला येते."

ती खरंच रोज आली. माणसं कुरकुरली, वनराजाला 'राजेसाहेब' म्हणून चेष्टा झाली, पण चर वळसा घालून गेला आणि दारात पाणी आलं.

पंधरा दिवसांनी ती वर गेली, तर दोन रोपं नव्हती. मातीत ताजे खड्डे होते. ती तिथेच बसली. तोंड आपण उघडलं, म्हणून हे झालं, हेच मनात येत राहिलं.

रोपं सापडली तिच्या धाकट्या जावेच्या, कुसुमलताच्या ओसरीवर, दूधपावडरीच्या डब्यात. पानं एवढ्यातच मलूल झाली होती.

"उन्हात मरतात ती," यसवती म्हणाली.

कुसुमची मान खाली गेली, पण ती गप्प बसली नाही. "इतकी सुंदर पानं, रानात बघायला कोण जातं, अक्का?"

"मी जायचे."

"तू एकटीच. आम्ही बघायचं नाही का?"

यसवतीने डबा उचलून सावलीत ठेवला. मग ती म्हणाली, "उद्या पहाटे डबा घेऊन ये. पायांना साबण चोळून ये, जळवा आहेत."

दोघींनी रोपं होती तिथेच लावली, वर ओला पाचोळा पसरला. एक कुजलं. दुसऱ्याने दीड महिन्याने बारीकसं नवं पान काढलं. ते आधी दिसलं कुसुमला, आणि तिने ते सांगायला ओढ्यापासून घरापर्यंत धाव घेतली.

त्या वर्षी फुलं आली तेव्हा यसवती सात बायकांना घेऊन वर गेली. एकेकीनेच पुढे यायचं, हात लावायचा नाही, असं तिने बजावलं होतं. जिनदासची म्हातारी आई गुडघे धरत वाकली आणि फुलाकडे बघत बराच वेळ तशीच राहिली.

"वैद्यांना हे आवडलं असतं का गं?" कुसुमने हळूच विचारलं.

"नसतं आवडलं," यसवती म्हणाली, आणि मागच्यांना वाट मिळावी म्हणून बाजूला सरकली.