डिझेलच्या टाकीचा तपास

ती घटना आठवली की आजही स्वतःचीच कॉलर धरावीशी वाटते.

महाराष्ट्र पोलिसांत तीस वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि कतारमध्ये दोह्याला, अल हिलाल भागात मुलाकडे राहायला आलो. व्हिलाच्या मागे जनरेटरची जुनी डिझेल टाकी होती. ती काढायला मुलाने कंत्राटदार नेमला आणि ऑफिसला जाताना म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त लक्ष ठेवा." पोलिसाला असं सांगू नये.

कंत्राटदाराचा मुकादम रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. त्याने टाकीत गज बुडवून डिझेल मोजलं: गुडघाभर. टाकी काढायची परवानगी यायला आठवडा गेला. मधे तो एकदा येऊन पाइप सोडवून गेला. मग डिझेल उपसायला पंप आणला, तर गजावर डिझेलची खूण आधीपेक्षा वीतभर खाली. समोरच्या व्हिलाच्या ड्रायव्हरने खबर दिली, की पाइप सोडवायच्या दिवशी मुकादमाने दोन कॅन भरून गाडीत ठेवले होते. मला संशयित मिळाला. खरं सांगतो, आनंद झाला.

पोलीस ठाण्यात मी संशयिताला आधी तासभर नुसता बसवून ठेवायचो. इथेही बसवला. एसी बंद करून.

"कॅनमध्ये काय होतं?"

"पाणी, साहेब. तुमच्याच नळाचं. हात धुवायला."

"मग डिझेल?"

"टाकी जुनी आहे. खालून गळत असेल."

"गळत असती तर मला वास आला नसता? पोलिसाचं नाक आहे हे."

तिथे बारा महिने डिझेलचाच वास असायचा. नाकाच्या ते लक्षात आलं नाही.

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, वीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला व्हिजिट व्हिसावर आणतोय. पुढच्या महिन्यात. नोकरीला धक्का नको."

माझ्या धंद्यात याला धागा सापडणं म्हणतात. मी आवाज मऊ केला. "चूक झाली एवढं लिहून दे. कंपनीशी मी बोलतो. इथेच खलास."

त्याने लिहून दिलं. मी जबाबाचा फोटो इंग्रजी भाषांतरासह कंपनीला पाठवला आणि खाली ‘सौम्य विचार व्हावा’ अशी शिफारस जोडली. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, लेखी कबुली हातात आल्यावर तुमची शिफारस कोण वाचणार?"

चार दिवसांत मुकादमाला विमानात बसवलं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या माणसांनी टाकी क्रेनने उचलली. बुडाला गंजून भोक पडलं होतं. खालची वाळू काळी, चिकट. नवा मुकादम माझ्याकडे बघत राहिला, मी वाळूकडे.

मी कंपनीला लगेच पत्र लिहिलं. उत्तर आलं: "सर, फाइल बंद झाली." मग जुन्या मुकादमाचा गावचा नंबर मिळवला.

"तुमची चूक नव्हती," मी म्हणालो. "मग लिहून का दिलंत?"

"तुम्ही आपल्याकडचे, साहेब. मराठीत बोललात. म्हटलं, हा माणूस बुडवायचा नाही." मग म्हणाला, "बायको अजून विचारते, खरंच काही घेतलं नव्हतं ना? तिला एकदा सांगता का?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

नोकरीत माझं एक नाव होतं: हात न लावता कबुली घेणारा. हात न लावता खोटी कबुलीही घेता येते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. आता जुने जबाब एकेक आठवतात. त्यातल्या एकाचाही नंबर माझ्याकडे नाही.