अर्धाच उतरलेला फोटो

हे मी बायकोलेही सांगितलं नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यलो — माहीत नाई. गिळून गिळून कंटाळलो असंन.

सिरोंच्यात माझं नेट कॅफे होतं. अन् वेबसाइट बनवता येते याची घमेंड. चंद्रपूरच्या एका आश्रमानं काम दिलं — वाट चुकलेली, हरवलेली माणसं सांभाळत ते. साइटवर फोटो पाहून घरच्यांनी ओळखावं, घेऊन जावं. मी फोटो थेट डेटाबेसमध्येच कोंबले. साइट चालवणाऱ्या पीएचपी प्रोग्रामले माणसाचा नंबर दिला की तो त्या माणसाचा फोटो काढून पानावर ठेवे. काय ऐट मारली मी त्या साइटची सगळीकडं.

पण फोटोसाठी डेटाबेसमध्ये खाना घेतला लहान. आश्रमात नवा कॅमेरा आला, फोटो मोठे झाले — अन् खान्यात मावेल तेवढाच फोटो राहे, बाकीचा कापला जाये. वर चेहरा, खाली नुसता राखाडी पट्टा. मले कळलं होतं. मूळ फोटो तर मी पुसून बसलो होतो. आश्रमाले सांगू कोणत्या तोंडानं?

मग कॅफेत पोचम आला, गोदावरीत मासे धरणारा. त्याची माय चंद्रपूरले महाकालीच्या जत्रेत हरवली होती. तिले तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. एका फोटोवर तो थांबला. पदर, कपाळ, डोळे — बस, तेवढंच.

"मायच वाटते, भाऊ. हनुवटीवर गोंदण हाय तिच्या. खालचं दाखवा ना."

लाइन स्लो हाय, मी म्हनलं. आमच्याकडं लाइन स्लोच राहे, कोण शंका घेते? मग चंद्रपूरले जाऊनच पाहू का, असं त्यानं विचारलं. गेला असता तर तिथं बोलला असता, फोटो अर्धाच दिसते म्हनून. फुकट चक्कर होईन, मी म्हनलं, पूर्ण उतरला की सांगतो.

भित्रा होतो? नाई — भित्रा म्हननं सोपं हाय. हरामखोर होतो.

पावसाळा सरल्यावर खाना मोठा केला, नवे फोटो आणाले आश्रमात गेलो. त्या बाईचं विचारलं. तापानं गेली, म्हणाले. कोणी आलं नाई, म्हनून आम्हीच अग्नी दिला. गोंदण होतं का? — होतं, हनुवटीवर.

परत येऊन मी तिचा फोटो डेटाबेसमधून काढून टाकला. पोचमले सांगितलं, ती दुसरीच होती, तिचे घरचे घेऊन गेले.

"बरं झालं," तो म्हनला. "कोणाची तरी माय घरी गेली."

त्यानंतरही तो दर बाजाराच्या दिवशी येत राह्यला. अन् मी त्याले एकेक नंबर टाकून दुसऱ्यांच्या मायचे फोटो दाखवत राह्यलो.