राहिलेला विषय

लग्नात सुटलेलं बी.एस्सी. मी सुकापूरला राहायला आल्यावर पुन्हा हाती घेतलं. पर्यावरणशास्त्र राहिलं होतं. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून तो विषय ऑनलाइन केला. प्रकल्पासाठी माहेरी, गव्हाणच्या खाडीत तिवरं बघायला उतरले.

आई काठावरून ओरडली, "नाय जमत तर सोड ना!"

"आता नाय सोडणार," मी गुडघाभर चिखलातून म्हणाले.

परीक्षेला आईच बाळाला घेऊन केंद्राबाहेर बसली. मी पास झाले, पण कॉलेजच्या ऑफिसातला कारकून म्हणाला, "ऑनलाइनचे क्रेडिट इथे धरत नाहीत."

मी तडक प्राचार्यांकडे गेले आणि ऑनलाइन क्रेडिट धरायचा विद्यापीठाचा नियम दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, ऑफिसात फोन लावला आणि माझे क्रेडिट पदवीत धरायला सांगितले. बाहेर आल्यावर मी आधी आईला कळवलं.