घरचं रक्त

"ती पिशवी काढ तिथून. आणि कप्पा पुसून घे."

एवढंच बोलले अध्यक्ष. ओरडले नाहीत, आवाज अगदी गोड. ट्रस्टचे अध्यक्ष ते, सगळं हॉस्पिटल त्यांना काका म्हणायचं. मुंबईहून देणगीदार आले होते आणि काका त्यांना आमची रक्तपेढी दाखवत होते. फ्रीजचं दार सताड उघडं. वरच्या कप्प्यात रक्ताच्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर एक बारका हिरवा ठिपका चिकटवलेला. मधेच एक पिशवी बिनठिपक्याची.

"ही कुठली?" काकांनी विचारलं.

आणि मी येडी, छाती पुढे काढून सांगते, "आमच्या गावची, काका. कोळीवाड्यात शिबिर घेतलं ना परवा, तिथली. खाली जागा नव्हती म्हणून वर ठेवली."

मला नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. मला वाटलं होतं, हिरवा ठिपका म्हणजे तपासणी पूर्ण झाल्याची खूण. डोंबलाची खूण! तपासणी सगळ्याच पिशव्यांची व्हायची, एकाच मशीनवर, त्याच हातांनी. ठिपका म्हणजे ट्रस्टवाल्यांच्या समाजाच्या शिबिरातलं रक्त. ते वर राहायचं, त्यांच्याच घरांतल्या पेशंटसाठी. कोळीवाड्याचं, कातकरवाडीचं, मोहल्ल्यातलं रक्त खाली, बाकीच्यांसाठी. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि झाडूवाल्या मावशींपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

मी पिशवी काढली. स्पिरिटचा बोळा घेतला आणि कप्पा पुसला, पाहुण्यांच्या देखत. सीलबंद पिशवी होती ती. तिच्यातून थेंब बाहेर येत नाही. तरी पुसला. अंगात पांढरा कोट, छातीवर नावाची पट्टी, खाली 'एम. एस्सी.' लिहिलेलं, आणि हातात बोळा. माझे सर शेजारीच उभे होते. रक्तपेढीचे प्रमुख, माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक. ते मनगटावरच्या घड्याळात बघत राहिले.

"वास नाही ना राहिला?" काका म्हणाले. पाहुणे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

वासाचं मला नवीन नव्हतं. माझी आई पनवेलच्या मासळी बाजारात बसते. शाळेत माझ्या शेजारी बसायची वेळ आली की पोरी ओढणी नाकाला लावायच्या. कॉलेजात मला 'सुकट' म्हणायचे, तोंडावर. प्रॅक्टिकलला जोडीदार मिळायचा नाही, मग मी एकटीच करायची सगळं. रोज सकाळी दोनदा साबण लावून आंघोळ, वर पावडर. एवढं करून बसस्टँडवर उतरले की पहिल्यांदा स्वतःचा हात हुंगायची. कोणत्या पोरीनं वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत स्वतःचा हात हुंगत फिरायचं? कुणी शिकवलं हे मला? कुणी नाही म्हणा, आणि सगळ्यांनीच.

त्यातून एमएस्सीला इम्युनॉलॉजी मिळाली आणि मी त्या विषयाच्या प्रेमातच पडले. शरीर आपलं आणि परकं कसं ओळखतं, याचं शास्त्र. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दारावरच्या राखणदारासारख्या, आल्यागेल्याला अडवून बघतात. पण त्यांना आडनाव वाचता येत नाही. गाव कळत नाही. मासे खाल्लेत की वरण, त्याचा पेशीला पत्ता नाही. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच मोठ्यानं हसले होते.

म्हणून त्या कप्प्याच्या दिवशी मी नोकरी सोडली नाही. लोक विचारतात, का नाही सोडलीस? अहो, कुठे जाणार होते? पनवेलमध्ये रक्तावर संशोधन करायला दुसरी जागा नव्हती. माझा विषय मान्य झाला होता. वारंवार रक्त चढवावं लागतं अशा पेशंटच्या शरीरात काय काय बिघडतं, यावर मला लिहायचं होतं. सरांची सही असल्याशिवाय प्रबंध विद्यापीठात जात नाही. मी मान खाली घातली आणि कामाला लागले. वर्षं गेली. पाच प्रकरणं झाली, शेवटचा हात फिरवायचा राहिला.

त्यातलं पाचवं प्रकरण जवळच्या नातेवाइकाच्या रक्तावर होतं. तो विषय सरांनीच मला दिला, आणि शिकवलाही त्यांनीच. फळ्यावर आकृत्या काढून, इतका सुंदर की मी वहीत लिहायचं विसरून ऐकत बसले होते. परक्याचं रक्त चढवलं की त्यातल्या पांढऱ्या पेशींना आपलं शरीर ओळखतं आणि मारून टाकतं. पण रक्त पोटच्या मुलाचं, सख्ख्या भावाचं असेल तर कधीकधी शरीर फसतं. घरचाच आहे म्हणून सोडून देतं. मग त्या पेशी आत ठाण मांडतात आणि त्या शरीरावरच उलटतात. कातडी, यकृत, हाडातला मगज, काही सोडत नाहीत. क्वचित होतं, पण झालं तर माणूस हाती लागत नाही. उपाय एकच, ती पिशवी आधी किरणांच्या मशीनमधून काढायची. तसं मशीन तेव्हा पनवेलमध्ये नव्हतं, मुंबईला पाठवावी लागायची.

आमच्या गावातही लोक म्हणतात, भावाचंच घ्या, घरचं बरं. ती माया असते. समजावून सांगितलं की ऐकतात. मी कितीतरी जणांना बाजारात, होडीपाशी उभं राहून सांगितलंय.

मग काकांच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. गर्भाशय काढायचं होतं. अंगात रक्त कमी, बाहेरून चढवल्याशिवाय सर्जन हात लावायला तयार नव्हते. त्यांचा गट दुर्मिळ. वरच्या कप्प्यात त्या गटाची एकही पिशवी नव्हती, खालच्या कप्प्यात दोन होत्या. मी जुळवून बघितल्या, दोन्ही चोख जुळल्या. सरांना तसं सांगितलं. थोड्या वेळानं मला केबिनमध्ये बोलावणं आलं. आत सर, काका आणि त्या बाईंचा मुलगा. मुलाच्या दंडावर कापूस चिकटवलेला.

"ह्याचं घेतलंय," काका म्हणाले. "ताजं आहे, आजचंच. तेच द्या माझ्या बहिणीला."

मी म्हणाले, "काका, मुलाचं रक्त आईला असंच देता येत नाही. धोका असतो. उद्यापर्यंत थांबत असाल तर मी स्वतः पिशवी घेऊन मुंबईला जाते, किरण देऊन आणते. नाहीतर खाली दोन पिशव्या तयार आहेत. तपासलेल्या, जुळलेल्या."

"खाली?" काका म्हणाले. "कुणाच्या आहेत?"

"ते सांगता येत नाही. रक्तदात्याचं नाव सांगायचं नसतं."

"नाव कोण विचारतंय? कुठल्या शिबिराच्या, ते सांग."

मी गप्प. खरं सांगायचं तर त्या आमच्या गावच्याच होत्या. माझ्या गप्प बसण्यावरूनच ते समजले. त्यांचा चेहरा बदलला. आणि मग ते सरांकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही: "डॉक्टर, आता कोळणीच्या पोरीनं आम्हाला रक्त शिकवायचं का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी सरांकडे बघितलं. वाटलं, आता बोलतील. एक वाक्य. मी बरोबर सांगतेय, एवढंच.

सर म्हणाले, "पिशवी द्यायच्या कागदावर सही करून टाक. जबाबदारी माझी."

"सर, हे तुम्हीच शिकवलंत मला. फळ्यावर."

"थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिस वेगळी."

"मग सही तुम्ही करा, सर."

पेन टेबलावर होतं, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. जबाबदारी त्यांची होती ना? मग उचला की पेन! नाही उचललं. त्यांना माझ्याइतकंच सगळं माहीत होतं, म्हणूनच नाही उचललं. काही झालंच तर कागदावर कोळणीच्या पोरीचं नाव हवं होतं त्यांना. बघा गंमत, माझ्या गावचं रक्त चालत नव्हतं, माझी सही मात्र चालत होती.

"तुझा प्रबंध माझ्याकडे आहे, विसरू नकोस," सर हळूच म्हणाले.

"नाही विसरत. पण सही करणार नाही. त्या बाईंना मी रक्त नाकारत नाहीये. खालच्या दोन पिशव्या आत्ता देते, म्हणाल त्या क्षणी देते. ही देणार नाही."

माझा आवाज चढला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या इमारतीत मोठ्यानं बोलले होते. हात मी कोटाच्या खिशात घातले. काका उठले, मुलाला उठवलं, आणि जाता जाता सरांना म्हणाले, "आवरा हिला."

बाईंना त्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे मुलाचंच रक्त दिलं. कोणी दिलं, कोणी सही केली, मला माहीत नाही.

आणि काही झालं नाही.

हे मी मुद्दाम सांगतेय. गोष्टीत असतं तर बाई दगावल्या असत्या आणि सगळे माझ्या पाया पडले असते. तसलं काही नाही. बाई खडखडीत बऱ्या होऊन घरी गेल्या. मला त्यांचं वाईट व्हायला नकोच होतं, त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? महिन्याभरानं काकांनी अख्ख्या हॉस्पिटलात पेढे वाटले. माझ्यासाठी वेगळा बॉक्स आला, आणणारा निरोप घेऊन: "मॅडमना म्हणावं, ताई ठणठणीत आहेत." लॅबमध्ये सगळे फिदीफिदी हसले. रस्ता न बघता पळत गेलेला गाडीखाली आला नाही, म्हणून रस्ता बघायची गरज नाही असं होतं का? पण कुणाला सांगता? मी बॉक्स मावशींना देऊन टाकला.

त्याच आठवड्यात सरांनी बोलावलं. फार मायेनं बोलले. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "हुशार आहेस, वर्षं वाया घालवू नकोस. दोन गोष्टी कर. काकांना दोन ओळींची माफी लिहून दे. आणि ते पाचवं प्रकरण काढून टाक. ट्रस्टला बरं दिसत नाही. सोमवारी सही करतो."

मी घरी आले. आई टोपली धुऊन पालथी घालत होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी पेटून उठेल. ती म्हणाली, "लिवून दे न मोकली हो. माफी मागून कोन मरत नाय. आमी काय कमी मागल्यान? पदवी मिलाली का मंग थुक त्यांच्या तोंडावर."

मी तिच्यावर ओरडले. तिच्यावर कशाला ओरडायचं, पण ओरडले. तिनं आयुष्यभर गिऱ्हाइकांची, पोलिसांची, बाजारातल्या वसुलीवाल्यांची मनधरणी केली ती आम्ही शिकावं म्हणून. तिचं चुकत नव्हतं. तिला वाटत होतं की मान खाली घालून मिळवलेली पदवी नंतर मान वर करायला कामी येते. मलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं. पण माफी कशाची मागायची होती मी? खरं बोलल्याची. आणि प्रकरण काढायचं म्हणजे, जे खरं आहे ते खोटं आहे असं माझ्याच हातानं लिहून द्यायचं. मग त्या पदवीचं करायचं काय? भिंतीवर लावून रोज तोंड बघायचं त्यात?

"आई, पदवी गेली तर चालेल तुला?" मी विचारलं.

"ना चालनार," ती म्हणाली आणि आत निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये उभी राहिले. खुर्चीवर बसले नाही. म्हणाले, "माफी नाही. प्रकरण राहील."

"मग सही नाही."

"ठीक आहे."

झालं. नमुने त्यांचे, आकडे त्यांचे, फ्रीज त्यांचा. मी नोकरी सोडून, हात हलवत बाहेर आले. नंतर मुंबईत नवीन मार्गदर्शक शोधले, कामोठ्यात ट्यूशनच्या क्लासमध्ये अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवून खर्च भागवला, आणि रक्ताचा पहिला नमुना पुन्हा पहिल्यापासून घेतला. बरोबरीचे सगळे डॉक्टर झाले. मी अजून नाही. नातेवाईक लग्नात भेटले की विचारतात, "संपलं का तुझं शिक्षण?" त्यांना वाटतं मी नापास होते दरवर्षी. वाटू दे.

एका प्रकरणासाठी एवढं? हो, एका प्रकरणासाठी एवढं. आता ते पाचवं नाही, पहिलं आहे. घरचं रक्त शरीरात गेल्यावर काय करतं, ते त्यात आहेच. पण लोक ते का मागतात, हेही या वेळी लिहिलंय. मायेपोटी मागणारे वेगळे आणि जातीपोटी मागणारे वेगळे, असं सरळ लिहिलंय. नवे मार्गदर्शक भले आहेत. तेही परवा म्हणाले, "जात हा शब्द जरा सौम्य करता येतो का बघ." मी म्हणाले, "बघितलं. येत नाही."

विद्यापीठानं परत पाठवलं तर पुन्हा तसंच पाठवीन. तेही नाही चाललं तर स्वतः छापीन आणि पहिली प्रत पनवेलला नेऊन काकांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, माझ्या हातानं ठेवीन. त्यातली एक ओळही कमी होणार नाही.