जिथे बाबा वाढतात तीच अकादमी

दोन्ही अकादम्यांनी तिला घेतलं होतं, आणि घरच्यांनी परस्पर त्यातली एक निवडूनही टाकली होती. समुद्राची.

समुद्राची म्हणजे नौदलाची. ती लांब, किनाऱ्यावर. मध्ये गाडी बदलून जावं लागतं. दुसरी भूदलाची, आणि ती घराच्या मागच्या भिंतीपलीकडे आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिथला ध्वजस्तंभ दिसतो, आणि तिथला पहाटेचा बिगुल वाजला की या घरात दुधाखालचा गॅस पेटतो. बारावीनंतर दोन्हीकडे पदवीचं शिक्षण मिळतं आणि शेवटी अधिकाऱ्याचा हुद्दा. इतकी जवळची सोडून लांबची कशाला, असं कोणी विचारलं नाही. जवळच्या अकादमीच्या मेसमध्ये मुलीचे वडील बेरर आहेत. छात्र जेवायला बसतात, वडील वाढतात.

वडील उंच आहेत आणि चालताना आवाज करत नाहीत. पांढरे हातमोजे घालून ते डाव्या बाजूने वाढतात, उजव्या बाजूने उचलतात. सूपचा थेंब बशीच्या कडेला लागला तर टेबलापर्यंत पोचायच्या आत तो पुसलेला असतो. बेरर दिसावा, पण ऐकू येऊ नये, असा मेसचा नियम आहे, आणि तो नियम त्यांनी घरीही आणला आहे. बायको म्हणते, "हे कधी घरी आले ते मला चपलांवरून कळतं."

मुलगी नेमकी उलट. ती येते ती जिन्यापासून ऐकू येते. अकादमीच्या नोकरवर्गाची घरं एका रांगेत आहेत, आणि त्या रांगेत तिला लहानपणापासून 'मेजर' म्हणतात. चेंडू कोणाच्या खिडकीवर बसला तर बाकीची पोरं पळायची आणि ही जागेवर उभी राहून "मी मारला, पण खिडकी उघडी का ठेवली?" असं विचारायची. कौतुकाने कमी आणि वैतागाने जास्त, असं ते नाव पडलं.

भिंतीला एके ठिकाणी वीट निसटली आहे. तिथून आतला ओढा दिसतो. तिथे मोठ्या वर्गाचे छात्र दर हिवाळ्यात लोखंडी पूल जोडायला शिकतात. सकाळी काही नसतं, दुपारी त्यावरून ट्रक जातो, संध्याकाळी पूल पुन्हा सुटा होऊन गाडीत. शाळेतून आल्यावर ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून हे बघत उभी राहायची. पूल जोडणाऱ्या अभियंता शाखेचं शिक्षण भूदलाच्या अकादमीत आहे. नौदलाच्या अकादमीने तिला इलेक्ट्रॉनिक्स देऊ केलं होतं. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपत होता.

"समुद्रावर पूल लागत नाहीत," ती म्हणाली.

शनिवारपर्यंत कुठे जाणार ते कळवायचं होतं. त्याआधीच्या रविवारी आत्या आली. आत्याचं स्टेशनरीचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक कुठली वही घेणार हे गिऱ्हाइकाआधी ठरवायची तिला सवय आहे.

"पांढरा गणवेश काय शोभेल पोरीला!" आत्या खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "आणि समुद्राची हवा. झालं ना पक्कं?"

"नाही झालं. मी इथे जाणार आहे," मेजरने भिंतीकडे बोट केलं.

आत्याने भावाकडे पाहिलं. भाऊ खाली बघत होता. "अगं, इथे कशी जाशील? इथे तुझे बाबा..." आत्या थांबली, मग एकदम म्हणाली, "मी सासरी सगळ्यांना सांगितलंय की भाऊ मेसचा मॅनेजर आहे म्हणून!"

"कधी?"

"माझ्या लग्नात."

"मग आत्या, एवढ्या वर्षांत बाबांना बढती तरी द्यायचीस."

आई फिसकन हसली आणि लगेच गंभीर झाली. ती प्रसूतिगृहात आया आहे. तिचं म्हणणं वेगळं होतं, आणि तिने ते भाजी निवडता निवडता सांगितलं. "मला कोणाची लाज नाही वाटत. पण उद्या तुझ्या वर्गातलं कोणी यांना वेडंवाकडं बोललं, तर तू गप्प बसशील का? नाही बसणार. मग काढतील तुला. समुद्रावर जा बाई, तिथे भांडायला तुझं असं कोणी नसेल."

"तिथे कोणी विचारलं, वडील काय करतात, तर?"

"तर सांग नोकरी करतात."

"म्हणजे आत्यासारखं."

"माझं काय काढतेस?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर वडिलांनी मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं, तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले.

"समज, हे मेसचं टेबल. पहिल्या वर्षाच्या पोरांना तिथे 'कच्चे' म्हणतात. कच्च्यांनी खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं, नजर समोर. टेबलावर पाणी संपलं की सीनियर कच्च्याला सांगतो, हाक मार. कच्च्याने मोठ्याने म्हणायचं, 'बेरर!' मी त्या टोकाला उभा असतो. तिथपर्यंत ऐकू आलं पाहिजे. आता मार हाक."

"काय?"

"हाक मार. पाणी संपलंय."

तिने नुसतं माठाकडे बोट केलं.

"बघ, इथे स्वयंपाकघरात नाही जमत. तिथे अख्खी मेस भरलेली असते. आणि माझी मुलगी आहेस हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळणार, मग मुद्दाम तुलाच सांगतील. रोज." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला काही वाटणार नाही. मला सगळेच बेरर म्हणतात. तुझं काय होईल ते बघ."

"बेरर," ती म्हणाली. पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

तेवढ्यात आई आत आली. "हे काय चाललंय? बापाला बेरर म्हणतेस? या घरात?"

"तेच शिकवतोय," वडील म्हणाले.

"काही शिकवू नका! भाकऱ्या थापायच्या आहेत मला, उठा दोघंही."

मग बुधवारी वडिलांनी तोडगा आणला. मेसच्या मुकादमाशी ते बोलले होते. कोठीत एक जागा रिकामी होत होती. गोदामात बसायचं, बटाटे, साखर, साबण मोजून द्यायचं. टेबलांशी संबंध नाही. तिची पदवी होईपर्यंत ते कोठीत जातील. तिने खुशाल भिंतीपलीकडच्या अकादमीत यावं.

त्यांना वाटलं होतं ती खूश होईल. ती उभी राहिली.

"तुम्ही कोठीत लपणार आणि मी टेबलावर बसणार?"

"लपणार कशाला, कामच आहे ते."

"तुम्हाला आवडतं का कोठीचं काम?"

वडिलांना कोठीचा वास सहन होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"मग ऐका बाबा. तुमची नोकरी तिथे आहे म्हणून मी तिथे जात नाहीये, आणि तुमची नोकरी तिथे आहे म्हणून टाळणारही नाही. पूल तिथे आहे, म्हणून जातेय. तुम्ही कोठीत गेलात तर मी समुद्राला होकार कळवते. इलेक्ट्रॉनिक्स शिकते आणि जन्मभर तुम्हाला ऐकवते."

"ही धमकी आहे?"

"हो."

"आणि हाक? हाक काय मारशील?"

"हाक मी बाबाच मारणार."

"शिक्षा होईल."

"होऊ दे."

वडील म्हणाले, "मग एक माझंही ऐक. मेसमध्ये मी बेरर म्हटल्याशिवाय येत नाही. कामावर असताना मी कोणाचा बाबा नसतो."

असं दोघांचं एकमेकांना बजावून झालं, आणि शुक्रवारी तिने भूदलाच्या अकादमीला होकार कळवला. आत्याने फोनवर फक्त "तुझं तू बघ" म्हटलं, आणि फोन ठेवायच्या आधी हळूच विचारलं, की मॅनेजरच्या मुलीला तिथे काही सवलत असते का.

मेस ही लांब खोली आहे. छत उंच, भिंतींवर जुन्या तुकड्यांची चित्रं, आणि मधोमध टेबलांच्या रांगा. इतके लोक जेवत असूनही काट्याचमच्यांशिवाय आवाज नसतो. पहिल्या संध्याकाळी मेजर केस बारीक कापलेल्या इतर मुलामुलींच्या रांगेतून आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. वडील टोकाला उभे होते. त्यांनी डावीकडून सूप वाढलं, पुढच्याला वाढलं आणि पुढे गेले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी टेबलाच्या डोक्याशी बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या छात्राने रिकामा जग तिच्यापुढे सरकवला. ती कोणाची मुलगी ते त्याला कळलं होतं. "कच्चे, पाणी संपलंय. हाक मार."

तिने मान समोर ठेवून हाक मारली. "बाबा!"

अख्खी मेस थांबली. जिन्यापासून ऐकू येणारा आवाज होता तो, टोकापर्यंत सहज पोचला. वडील हलले नाहीत. त्यांची नजर समोरच्या चित्रावर होती. दुसरा एक बेरर पुढे यायला लागला, त्याला सीनियरने हाताने थांबवलं. "मी तुला 'बेरर' म्हणायला सांगितलं होतं," तो म्हणाला. त्या रात्री ती रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारत होती.

पुढच्या संध्याकाळी जग पुन्हा तिच्यापुढे आला. पुन्हा "बाबा!" वडील पुन्हा चित्र बघत राहिले. पुन्हा मैदान.

घरी आईने विचारलं, "आज काय झालं?"

"पळाली."

"आणि तुम्ही?"

"मी कामावर होतो." मग जरा थांबून, "मी तिला आधीच सांगितलं होतं. नियम म्हणजे नियम."

आई चादरीची घडी घालता घालता थांबली. "माझ्या वॉर्डात कळा सुरू झाल्या की बायका मला वाटेल ते म्हणतात. मावशी म्हणतात, आई म्हणतात, अगं ए म्हणतात. एकीने परवा मला नवऱ्याच्या नावाने हाक मारली, तीही शिवी घालून. मी जाते. काय म्हणून हाक मारली ते नंतर. आधी हाक मारली की जायचं असतं." तिने घडी पुरी केली. "पोरगी दोन दिवस हाका मारतेय आणि तुम्ही चित्र बघताय. मोठे कामावरचे!"

वडिलांनी त्या रात्री हातमोजे दोनदा धुतले.

चौथ्या संध्याकाळी सीनियरला जग सरकवावाही लागला नाही, मेसमध्ये सगळे वाटच बघत होते. "कच्चे."

"बाबा!"

वडील निघाले. घाईत नाही, रोजच्याच चालीने. त्यांनी मेजरच्या डाव्या बाजूला येऊन भरलेला जग ठेवला, उजव्या बाजूने रिकामा उचलला. सीनियरने खुर्ची मागे सरकवली.

"तुम्हाला बेरर म्हणून बोलावलेलं नाही. तुम्ही आलात कसे?"

मेसमध्ये बेररने बोलायचं नसतं. वडील बोलले. "साहेब, इथे आम्ही बेरर पुष्कळ आहोत. बेरर म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि पाणी उशिरा येतं. बाबा म्हटलं की मी एकटाच येतो. कामाला बरं पडतं."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी हसलं आणि लगेच दाबलं. वडील रिकामा जग घेऊन आपल्या जागी परत गेले आणि पुन्हा समोर बघत उभे राहिले.

मुलीने त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या. वडिलांना सकाळी मुकादमाने समज दिली. वाढताना बोलल्याबद्दल एक, आणि चुकीच्या हाकेला गेल्याबद्दल दुसरी. दुसरी समज देताना मुकादमालाच नीट शब्द सापडेनात. पुन्हा असं होणार नाही ना, एवढं त्याने विचारलं.

"वाढताना पुन्हा बोलणार नाही," वडील म्हणाले. "हाकेचं सांगता येत नाही. ती तिच्यावर आहे."

संध्याकाळी तिने हाक मारली, आणि ते पाणी घेऊन गेले.