विकलेल्या बाऱ्या आणि मानाचा फेटा

खून, दरोडे, वाळूचोरी, सगळं पाहून झालं. पण निवृत्तीनंतर चहा पिता पिता मला मधेच हसू फुटतं, ते एकाच केसमुळे. बायको विचारते, "आता काय झालं?" मी म्हणतो, "फेटा." मग तीही हसते.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यात, जुन्नरच्या हद्दीलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जवळच्या गावची यात्रा तोंडावर आली होती. आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाडा. चार बैल, पुढे घोडी आणि चढणीचा घाट. गाड्याला घाटात पळायला जी पाळी मिळते तिला बारी म्हणतात. गाडे अमाप आणि बाऱ्या मोजक्या. म्हणून यात्रा कमिटी नावं घेऊन चिठ्ठ्या टाकते आणि ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांना टोकन देते. टोकनाला पैसा पडत नाही. ज्याच्या नावाचं टोकन, त्याच्याच नावाने भोंग्यावर गाडा पुकारतात आणि गाडा चांगला पळाला तर मानाचा फेटाही त्यालाच बांधतात.

सकाळची हजेरी चालू असताना मढकरांच्या घरची एक बाई ठाण्यात आली. मेंढपाळाचं घर, आता शेती करणारं. सोबत म्हातारे सासरे. ते बाहेरच्या बाकावर बसले, बाई थेट माझ्या टेबलाशी आली.

"सायेब, आमचा हौशा बैल आता थकलाय. औंदा पळंल, म्होरल्या साली न्हाई पळायचा. ह्या घाटात त्याला एकदा पळताना बघायचं, एवढीच मामंजींची हौस. आमची चिठ्ठी निघाली न्हाई, त्याचं काय न्हाई. पर ज्यांच्या दारात बैलाचं शेण न्हाई, त्यांच्याकडं टोकनं कशी? अन् ती इकत्यात!"

"कोण विकतंय?"

"आणून देणारी माणसं येगळी. पाठीमागचा कोण, ते कोण सांगत न्हाई. आमचे मालक म्हणत्यात, घेऊन टाकू. मी म्हणलं, गावानं फुकट दिलेली बारी इकत घ्यायची? हौशाला तरी पटंल का?"

बाई बोलत होती आणि माझा हवालदार मान डोलवत होता. तो बोरी बुद्रुकचा, गाड्याचा पक्का शौकीन. मी ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि त्यालाच साध्या वेशात गिऱ्हाईक म्हणून घाटावर पाठवला. तासाभरात परत आला, तोंड पाडून.

"काय झालं?"

"सायेब, टपरीवर पाय ठेवला न्हाई तोवर चार जण म्हणाले, राम राम जमादार! आज डिरेस कुठाय?"

चूक माझीच. प्रत्येक घाटावर पुढच्या रांगेत उभा राहणाऱ्या माणसाला मी ओळख लपवायला पाठवला होता.

मग टोकन निघालेल्यांपैकी ज्यांच्याविषयी शंका होती अशा तिघांना चौकशीला बोलावलं. माझा अनुभव असा, की गाडामालकाला बैलाचं नाव विचारलं की तो उत्तर देत नाही, कौतुकच सुरू करतो. त्याला थांबवावं लागतं. पहिल्याला विचारलं, "बैलाचं नाव?" म्हणाला, "राजा." दुसराही म्हणाला, "राजा." तिसऱ्यानेही राजाच सांगितला.

"तिघांचा एकच राजा? बरं, जुकाटाला म्हणजे पुढच्या जोडीत कोण पळतो तुझा?"

तिसऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "सायेब, खरं सांगू का? माझ्याकडं एक शेळी हाय."

हवालदार तोंड फिरवून खिडकीशी गेला. त्याचे खांदे हलत होते.

तिघांनीही कबूल केलं, की एका पावण्याने योजनेसाठी म्हणून आधार कार्ड मागून घेतलं होतं. पण त्या पावण्याचं नाव? तिथे मात्र तिघांच्या तोंडाला कुलूप. "नात्यातला माणूस हाय, सायेब. नाव कसं घ्यायचं?" टोकन विकत घेणारे गाडामालकही बोलेनात, कारण बोलले तर बारी जाणार. म्हणजे तक्रार आहे, गुन्हा दिसतोय आणि साक्षीदार एकही नाही.

रात्री जेवताना विचार करत होतो. गाडामालक पैसे गेले तर सोसतो, पण बैलाचा मान दुसऱ्याला गेलेला सोसेल का? सकाळी कमिटीच्या अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, या वर्षी फेटे संध्याकाळी बांधू नका. गाडा चांगला पळाला की टोकनावरच्या मालकाला तिथल्या तिथे स्टेजवर बोलवा.

यात्रेच्या पहिल्या दिवशी, ऊन चढता चढता एक गाडा असा काही पळाला की घाट उभा राहिला. भंडारा उधळला, "झाली! झाली!" ओरडून माणसांचे घसे बसले. निवेदकाने टोकनावरचं नाव पुकारलं आणि मालकांना फेट्यासाठी स्टेजवर बोलावलं. नाव नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची खरेदी-विक्री करणाऱ्या एका व्यापाऱ्याचं होतं. गडी तिथेच हजर, आणि शेजारी सासुरवाडीची सगळी मंडळी! मेव्हणे त्याला ढकलत होते, "दाजी, गाडा कधी घेतला? बोलला न्हाईत राव!" आता न जाऊन कसं चालेल? गेला. फेट्याचा पहिला वेढा डोक्यावर बसला तसा चांगलाच फुललाही.

तेवढ्यात गर्दी फाडत एक धिप्पाड गडी स्टेजवर चढला. "ए! बैल माझं, घाम माझा, अन् फेटा तुला? टोकन इकलंस म्हणून बैलाचा बाप झालास व्हय रं?"

भोंगा चालू होता. सगळ्या घाटाने ऐकलं. आणि खालून शेळीवाला आनंदाने ओरडला, "पावणं, तुमी सोताच वर चढलात बरं का! मी नाव घेतल्यालं न्हाई!"

मी अर्धा बांधलेला फेटा सोडवायला लावला आणि व्यापाऱ्याला ठाण्यात आणून जबाब घेतला. म्हणाला, "सायेब, कॅरेटमागं दोन-पाच रुपये सुटत्यात, त्यावरच माझं घर चालतं. इथलं घ्यायचं, तिथं द्यायचं. हितंबी तेच केलं. एक टोकन माझ्या नावावर, बाकीची दुसऱ्यांच्या."

म्हटलं, "टोमॅटो तू विकत तरी घेतोस. ही बारी गावाने दिली होती, हौसेने पळणाऱ्याला."

दुसऱ्यांची आधार कार्डं फसवून वापरल्याचा गुन्हा दाखल झाला. घेतलेले पैसे त्याने परत केले. कमिटीने बोगस टोकनं रद्द करून त्या बाऱ्यांसाठी भर घाटात पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. त्यात मढकरांची चिठ्ठी निघाली आणि माझ्या हवालदाराने वर्दीत शिट्टी मारली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी हौशा पळाला. बाकीचे तीन बैल पाहुण्यांचे होते, तरणे. हौशा वयाने थोरला, पण मान खाली घालून असा सुटला की पाहत राहावं. नंबर आला नाही. म्हाताऱ्याला त्याचं काहीच नव्हतं, तो रडत होता आणि हसतही होता. गाडा पुकारताना निवेदकाने त्याचं नाव घेतलं होतं. म्हातारा काठी टेकत स्टेजपाशी गेला आणि त्याने माईकच मागून घेतला.

"माझं नाव कशाला घेताय? वैरण कुणी घातली? आजारपणात रातभर कोण बसलं? नाव घ्यायचं तर माझ्या सुनेचं घ्या."

निवेदकाने म्हाताऱ्याकडून तिचं नाव विचारून घेतलं. मग त्याने छाती भरून तिचं नाव पुकारलं, गाडामालक म्हणून. घाटावर टाळ्यांचा कडकडाट झाला. ती हौशाच्या गळ्यात हात टाकून उभी होती, पदराने डोळे पुसत.

नोकरीने मला माणूस पारखायला शिकवलं म्हणतात. खरं तर ते या केसने शिकवलं. माणूस काय विकतो याच्यापेक्षा काय विकू शकत नाही, ते आधी शोधावं. पुढच्या कित्येक चौकशांत मला त्याचा उपयोग झाला. पण त्या दिवशी मी असला काही विचार करत नव्हतो. मी बंदोबस्तावर होतो, टोपीवर भंडारा पडला होता, आणि सगळ्या घाटाबरोबर मीही त्या बाईचं नाव घेऊन ओरडत होतो.